‘हिवा’चे गोत

‘हिवताप’ हा शब्द उच्चारताना आपले सारे लक्ष तापाकडे असते. आज त्यातील ‘हिवा’विषयी थोडे बोलावयाचे आहे.

‘ग्रामा’चे ‘गांव’ झाले, ‘नामा’चे ‘नांव’ झाले, त्याच वाटेने संस्कृत ‘हिमा’चे मराठीत ‘हिंव’ झाले. त्यावरील अनुस्वार ही लुप्त मकाराची खूण होती. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी ती पुसली. लेखन सुलभ झाले हे खरे, पण शब्दाची जन्मखूण गेली, असे मला अजूनही वाटते.

या हिमाची एक बहीण थेट रशियात नांदते. तेथे, तसेच पोलंडमध्ये व झेक लोकांत, हिवाळ्याला ‘झिमा’ म्हणतात, झ ‘झरा’तला. (मंगळागौरीच्या झिम्म्याशी याचे काही नाते नाही!) या सर्व स्लाव भाषांची जी जननी, तिचा एकही लेख उरलेला नाही. तथापि लेकींवरून आईचा चेहरा ताडावा, तसे पंडितांनी तिचे ‘झिमा’ हेच रूप अनुमानाने सिद्ध केले आहे. संस्कृतात जेथे ‘ह’, तेथे स्लाव भाषांत पुष्कळदा ‘झ’ येतो. आपले ‘हिरण्य’ आणि रशियन ‘झोलोतो’, म्हणजे सोने, यांतही तोच न्याय. इराणी शाखेचेही तसेच. हैदराबादच्या दरबारात एके काळी चाललेल्या फारसीत हिवाळा म्हणजे ‘झमिस्तान’.

लॅटिन ‘हिएम्स’ याच कुळातला. त्याच्या नात्यातला पोर्तुगीज ‘इन्व्हेर्नो’ म्हणजे हिवाळा. पण गोव्यात आलेले पोर्तुगीज पावसाळ्यालाच ‘इन्व्हेर्नो’ म्हणू लागले! बर्फ नाही, तर समुद्र बंद पाडणारा पाऊस तोच त्यांचा हिवाळा.

दख्खनमध्ये तरी बर्फ कोठले? येथे हिव माणसाच्या अंगातच शिरले, आणि हुडहुडीच्या तापाला त्याचे नाव मिळाले. इटालियनांनी त्याच तापाला ‘मलेरिया’, म्हणजे दूषित हवा, म्हटले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना, रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्या रोगाचे जंतू दिसले. पुढील वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून, डासाच्या दंशातून रोग कसा पसरतो तेही त्यांनी दाखविले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हवा निर्दोष ठरली, इटालियन नाव खोटे पडले. मराठी नावाने मात्र कारण सांगण्याचा आव कधी आणलाच नव्हता. रोग्याला काय होते, तेवढेच ते सांगत होते. बेगमपेठेतील रॉस यांच्या प्रयोगशाळेची इमारत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.