‘किंवा अपस्मार’

आपल्या विवाह कायद्यात एका आजाराचे नाव तेवीस वर्षे होते. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. मूळ कायद्यात वेडसरपणाचा उल्लेख होता, अपस्माराचा नव्हता. १९७६ साली, आणीबाणीच्या दिवसांत, या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय याच दुरुस्तीने आणली, म्हणून तिला पुरोगामी म्हणतात आणि ते खोटेही नाही. पण त्याच दुरुस्तीने लग्नाच्या अटींत एक ओळ घातली. वधूला किंवा वराला वेडाचे ‘किंवा अपस्माराचे’ झटके वारंवार येत आलेले नसावेत. ही अट मोडून झालेले लग्न न्यायालयातून रद्दबातल ठरवून घेता येत असे.

त्या वर्षी मी शाळेत होते आणि माझ्या दप्तरात गोळ्यांची पट्टी होती. बाराव्या वर्षी मला पहिला झटका आला होता. आमच्याकडे त्याला फेफरे म्हणत, विदर्भाकडे मिरगी म्हणतात, शहरात नुसते ‘फिट आली’ म्हणून भागते. नाव कोणतेही असो, उपाय ठरलेला असे. नाकाशी कांदा नाही तर वहाण, मुठीत किल्ल्यांचा जुडगा आणि दातांमध्ये चमचा. यातल्या कशानेही झटका थांबत नाही. तो बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळते. चमच्याने मात्र दात तुटतात.

आजार फार जुना आहे. चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. नटराजाच्या पायाखाली चिरडलेला जो बुटका दिसतो, त्याचे नावच अपस्मार. प्राचीन रोममध्ये लोकसभा भरली असता कोणाला झटका आला तर तो अपशकुन मानून सभा बरखास्त करीत. ग्रीसमध्ये याला ‘पवित्र रोग’ म्हणत. हिपोक्रेटसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात मात्र स्पष्ट सांगितले आहे, की हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे. हे सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचे.

औषध मिळायला त्यापुढे दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. १८५७ साली लंडनच्या चार्ल्स लोकॉक या डॉक्टरांनी ब्रोमाइडचा गुण सांगितला. राणी व्हिक्टोरियाची बाळंतपणे करणारे ते हेच. ब्रोमाइडने झटके कमी होत, पण अंगावर पुरळ येई आणि माणूस दिवसभर गुंगीत राही. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरांच्या ध्यानात एक गोष्ट आली. झोपेसाठी फेनोबार्बिटॉन दिलेल्या रोग्यांचे झटकेही कमी होत होते. १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन शोधले. त्याने गुंगी तेवढी येत नाही, पण हिरड्या वाढतात. माझ्याही वाढल्या होत्या. वर्गातल्या फोटोत मी ओठ मिटून उभी आहे, ते लाजेने नव्हे. ही दोन्ही औषधे अजून वापरात आहेत आणि स्वस्त आहेत. कर्नाटकातल्या येळंदूर भागात डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या रोग्यांना हीच जुनी औषधे नेटाने दिली आणि त्यांतल्या अनेकांचे झटके आटोक्यात आले. २००१ साली ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की योग्य निदान आणि उपचार मिळाले तर दहांतले सात जण झटक्यांवाचून जगू शकतात.

कायद्याचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झालेला दिसतो. हाउप्टमान यांच्याच देशात नाझी सरकारने १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि त्यातल्या रोगांच्या यादीत ‘आनुवंशिक अपस्मार’ घातला. खुद्द हाउप्टमान ज्यू होते, त्यांना देश सोडावा लागला. अमेरिकेतल्या काही राज्यांत अपस्मार असलेल्यांच्या लग्नालाच बंदी होती, शेवटच्या राज्याने ती १९८० साली उठवली. अपस्माराच्या कारणावरून लग्न रद्द करू देणारी तरतूद ब्रिटनने १९७१ साली बदलली. त्यानंतर पाचच वर्षांनी आपण ती नव्याने लिहून घेतली. तोवर फेनिटॉइन येऊन अडतीस वर्षे झाली होती.

शब्दरचनाही पाहण्यासारखी होती. झटके ‘येत आलेले नसावेत’, म्हणजे दहा वर्षांत एकही आला नसला तरी सुटका नव्हती. फसवून केलेल्या लग्नाविरुद्ध दाद मागायला फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाची मुदत होती. या कारणाला मुदतच नव्हती. लग्नाला पंधरा वर्षे होवोत, दोन मुले होवोत, तलवार टांगलेलीच.

अशा कायद्याचा परिणाम काय होणार? लोक लपवू लागले. लपवणे पूर्वीही होतेच, आता त्याला कोर्टाची भीती जोडली गेली. माझ्या एका मावसबहिणीच्या गोळ्या रुखवतातल्या लाडवांच्या डब्यात, तळाशी कागदात गुंडाळून दिल्या होत्या. मोठे एकत्र घर, सतत कोणी ना कोणी स्वयंपाकघरात. डबा उघडायचा कधी? लग्नाची जागरणे, उपासतापास आणि चुकलेल्या गोळ्या. अपस्माराला नेमके हेच सोसत नाही. गोळी अचानक बंद झाली की झटका उसळून येतो. तिला तो सत्यनारायणाच्या पूजेला, सगळ्या पाहुण्यांसमोर आला. महिन्याभरात ती माहेरी परतली आणि पुढचे काम वकिलांनी केले. गोळ्या चालू होत्या तोवर, लग्नाआधीची चार वर्षे, तिला एकही झटका आला नव्हता. मेंदूविकाराच्या डॉक्टरांना ही कहाणी नवी नाही. ज्या झटक्याच्या भीतीने कायदा केला, तो झटका कायद्यामुळेच आला, असे मी म्हणते तेव्हा काही वकील मंडळी हसतात. त्यांनी तो डबा पाहिलेला नाही.

माझ्या वडिलांनी प्रत्येक स्थळाला पहिल्याच पत्रात आजार, औषधाचे नाव आणि शेवटचा झटका केव्हा आला, हे कळवले. बहुतेक पत्रांना उत्तर आले नाही. एकाला आले.

भारतीय अपस्मार संघटना १९७० पासून काम करत होती. डॉक्टर आणि रोग्यांचे नातेवाईक तिच्यामार्फत सरकारकडे हा प्रश्न मांडत राहिले. अखेर १९९९ च्या डिसेंबरात विवाहविषयक कायद्यांत दुरुस्ती झाली. हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही ‘किंवा अपस्मार’ एवढे शब्द वगळले गेले. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आल्याचे मला आठवत नाही.

शब्द गेले, भांडणे गेली नाहीत. आता अर्जात ‘असाध्य मनोविकार’ लिहितात. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अशाच एका नवऱ्याचे अपील आले होते. अपस्मार हा असाध्य रोग नाही आणि मनोविकारही नाही, त्या कारणावर घटस्फोट मिळणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

माझ्याकडे अधूनमधून मुलींच्या आया येतात. लग्न ठरतेय, गोळी बंद करू का, एवढेच विचारतात. आपल्या मनाने एक दिवसही नको, असे मी सांगते. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, कारण व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला धोक्याचे असते आणि वेळेवर बदलावे लागते. आणि सासरच्या एका तरी माणसाला शिकवून ठेवा. झटका आला की कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही द्यायचे, तोंडात काही घालायचे नाही आणि घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना. यावर बहुतेक आया विचारतात, ‘म्हणजे सांगायचंच का तिकडे?’