माणसांची नावे, रोजचे शब्द

माणसाच्या नावाचा शब्द होणे इंग्रजीत पुष्कळदा घडले आहे. 1880 साली आयर्लंडमध्ये कुळांनी चार्ल्स बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सगळे व्यवहार तोडले, तेव्हापासून ‘बॉयकॉट’ रूढ झाला. पंपावरचे ‘डिझेल’ हे जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांचे आडनाव. हे मुलांना शाळेत कळते. मराठीतले असे शब्द मात्र तेलुगू आणि इंग्रजीत शिकणाऱ्या आपल्या नातवंडांना घरी सांगितले तरच कळतील, म्हणून ही नोंद.

‘अफलातून’ म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो. अरबीत ‘प’ नसल्याने तिकडे त्याचे असे नाव झाले आणि फारसीमार्गे ते आपल्याकडे आले. आता भेळसुद्धा अफलातून असते! ‘तुघलकी’ कारभार हा 1327 च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवणाऱ्या मुहम्मद बिन तुघलकाचा.

त्याच देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत तेराव्या शतकातला. चुना न वापरता दगडात दगड बसवलेले जुने देऊळ दिसले की आपण ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हे नेहमीच बरोबर नसते. अंबरनाथचे देऊळ 1060 सालचे, आणि आपल्या जैनथचा शिलालेख परमार जगद्देवाच्या काळातला. दोन्ही हेमाद्रीच्या आधीचे.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे आम्हाला सर्वांत जवळचा शब्द ‘दामाजी’. खिशात दामाजी नाही म्हणजे पैसा नाही. दामाजीपंत हे बहामनी काळात मंगळवेढ्याचे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे उपाशी लोकांना खुली केली. पुढे विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन धान्याची रक्कम भरली व पावती घेतली, अशी कथा आहे. आमच्या हिशेबी नजरेला ही विनामंजुरी उचलच, पण खाते पूर्ण जमा! नावातच ‘दाम’ असल्याने पैशाला ते चिकटले असावे. ज्याने सरकारी तिजोरीपेक्षा माणसे मोठी मानली, त्याचेच नाव पैशाला मिळाले हे मात्र नवल.

पंढरपूरला जाणाऱ्या सभासदांनी सुमारे पंचवीस किलोमीटर पुढे मंगळवेढ्याचे दामाजी मंदिरही मुलांना दाखवावे.