सुधारित आवृत्ती

माणसाला एखादं व्यसन असायला हरकत नाही. फक्त ते चारचौघांत सांगता आलं पाहिजे. आमच्या शाखेत तंबाखू मळणारे आहेत, शेअरबाजारात हात पोळून घेतलेले आहेत, एकजण तर पहाटे उठून थंड पाण्याने अंघोळ करतो. या सगळ्यांकडे लोक सहानुभूतीने बघतात. मी मात्र वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी वेताळाची पुस्तकं विकत घेतो. हे कळल्यापासून आमचे मॅनेजरसाहेब संध्याकाळी माझी कॅश दोनदा मोजून घेतात.

त्यातून मी जुने, पिवळे पडलेले, मूळ अंक जमवत असतो, तर 'संग्राहक' म्हणून थोडा मान तरी मिळाला असता. मी जमवतो ती पुनर्मुद्रणं. लहानपणी 'इंद्रजाल कॉमिक्स'मध्ये वाचलेल्या गोष्टी अलीकडे गुळगुळीत कागदावर नव्याने छापून येतात, त्या. सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की "अहो, जुनं घेतलं असतंत तर म्हातारपणी विकता आलं असतं. हे नवीन घेऊन जुनं व्हायची वाट बघायला आपल्याला वेळ आहे का?" बी.कॉम. मी झालो, पण हिशेब तिचा पक्का.

एकदा फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना एक खरे संग्राहक भेटले. त्यांच्याकडे मूळ अंक आहेत, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, डांबरगोळ्यांसकट. स्वतः ते उघडत नाहीत, दुसऱ्याला उघडू देत नाहीत. मी "रिप्रिंट" हा शब्द उच्चारताच त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "म्हणजे ड्युप्लिकेट?" ते म्हणाले. पंचवीस वर्षं सत्यप्रतींवर शिक्के मारणाऱ्या माणसाला हा शब्द किती लागतो, हे त्यांना काय ठाऊक! तेव्हापासून मी या विषयाचा इतिहास पाहू लागलो. अपमान झाल्याखेरीज माणूस अभ्यासाला बसत नाही, हे मी परीक्षांच्या काळातच शिकलो होतो.

तर इतिहास असा. 'टाइम्स ऑफ इंडिया' काढणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं. पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचे. मग जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा 'बहादूर' आला, तो अस्सल आपला, डाकूंशी लढणारा. मासिकाचं पाक्षिक झालं, पाक्षिकाचं साप्ताहिक झालं, आणि १९९० मध्ये सगळंच थांबलं. तोवर ८०३ अंक निघाले होते. मराठीतही ते निघत, आणि मराठीत फँटमला नाव मिळालं वेताळ! ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार. कारण 'चांदोबा' वाचणाऱ्या पोरांना झाडावर लोंबकळणारा एक वेताळ आधीच माहीत होता. हा त्याचाच नोकरीला लागलेला भाऊ असावा असा आमचा समज. आमच्या आजीचा तर असा नियम होता, की अमावास्येला हे पुस्तक माजघरात आणायचं नाही.

पण गंमत पुढे आहे. इंद्रजालमधला वेताळ तरी मूळ होता का? ली फॉक यांनी तो १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात सुरू केला. रोज तीन-चार चौकोनांची एक पट्टी. त्या पट्ट्या कापून, जुळवून, पानात बसेनात ते चौकोन गाळून इंद्रजालचा अंक तयार व्हायचा. म्हणजे संग्राहकांच्या पिशवीत डांबरगोळ्यांसह झोपलेला 'मूळ' अंक हाच मुळी रिप्रिंट! तिकडे अमेरिकेतही १९३४ मध्ये जे 'फेमस फनीज' नावाचं मासिक निघालं आणि ज्याने कॉमिक बुकांचा धंदा मार्गी लावला, त्यातही वर्तमानपत्रांतल्या जुन्याच पट्ट्या फिरून छापलेल्या होत्या. ऑस्ट्रेलियात तर १९४८ पासून एक कंपनी वेताळाच्या गोष्टी पुन्हापुन्हा छापते आहे आणि लोक पुन्हापुन्हा घेत आहेत. हा धंदा जन्मला तोच ड्युप्लिकेट म्हणून!

शिवाय इंद्रजालच्या संपादकांनी नुसतं छापलं नाही, दुरुस्तही केलं. वेताळाचा मुलूख मुळात 'बेंगाली' या नावाचा. तो इथे 'डेंकाली' झाला. त्याच्या वैऱ्यांची टोळी 'सिंग' नावाची. ती 'सिंगा' झाली. उगाच कोणा बंगाल्याला किंवा सरदारजीला वाटायला नको, की हे आपल्यालाच बोलतायत. एवढ्याने कोणाचा राग गेला ठाऊक नाही, पण संपादकाला रात्री झोप लागली असेल.

आता वाचकहो, तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ गासचा, आणि गप्पा ऑस्ट्रेलियाच्या. तर गासकडेच येतो. नालासोपारा स्टेशनवर उतरून पश्चिमेला निघालं, की इमारती संपता संपता आमच्या वाड्या लागतात. केळी, भाजी, अळू आणि प्रत्येक वाडीला एक विहीर. वाटेत सोपारा लागतो. आज तिथे रिक्षावाले भांडतात. एकेकाळी तिथे परदेशची गलबतं लागत. त्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना एक फुटका दगड सापडला. (इंद्रजी आणि इंद्रजाल, हा योगायोग माझा नाही.) त्या दगडावर सम्राट अशोकाच्या शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा तुकडा होता. पुढे १९५६ साली आमच्या शेजारच्या भुईगावात दुसरा दगड मिळाला. त्यावर नववा लेख.

अशोकाने एकूण १४ लेखांचा संच काढला होता. आमच्या भागात त्यातले हाती लागलेले म्हणजे मुख्यतः अंक ८ आणि अंक ९. रद्दीच्या दुकानात ज्याने इंद्रजाल शोधलं आहे त्याला हे दुःख सांगायला नको. सलग दोन मिळाले हेच नशीब! त्यातला आठवा सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीसाठी सहली काढत, मी धर्मयात्रा काढतो. आणि नववा सांगतो, की लोक लग्नात, आजारपणात, प्रवासाला निघताना नाही नाही ते विधी करत बसतात, त्यात फारसा अर्थ नाही. हा नववा दगड नेमका आमच्या भागात का ठेवला असावा, हे कळण्यासाठी वसईतलं एक लग्न बघावं.

आणि फुटलेल्या तुकड्यांवरून पंडितांना एवढं कळलं कसं? तर तोच मजकूर गिरनारच्या खडकावर होता, कालसीला होता, पार पेशावरकडे शाहबाझगढीला खरोष्ठी लिपीत होता. अशोकाने एकच मजकूर ठिकठिकाणी, तिथल्या लिपीत, तिथल्या बोलीच्या वळणाने कोरून घेतला. म्हणजे प्रादेशिक आवृत्त्या! त्यातही धौलीची आवृत्ती पाहा. धौली कलिंगात. कलिंगच्या युद्धात किती माणसं मारली याचा पश्चात्ताप सांगणारा तेरावा लेख तिथे गाळला आहे आणि दुसरे लेख घातले आहेत. ज्यांची माणसं मेली त्यांच्याच दारात तो हिशेब कशाला वाचून दाखवायचा, असं संपादकांना वाटलं असणार. बेंगालीचं डेंकाली करणारा माणूस काही आजचा नाही.

सोपाऱ्याचा दगड एकुलता एक असता, तर तो फुटल्यावर सगळं संपलं असतं. मजकूर वाचला तो रिप्रिंटमुळे. हा युक्तिवाद मला सुचला तेव्हा मी विरार लोकलमध्ये एका पायावर उभा होतो, नाहीतर उडी मारली असती.

आता माझ्या संचाविषयी. मी पाच-सहा वर्षांचा असताना दादा चौदा-पंधराचा. मला अक्षर लावून वाचता येत नव्हतं. दादा वाडीतलं काम आटोपून ओट्यावर बसायचा, पत्र्याच्या ट्रंकेतून एक अंक काढायचा आणि वाचून दाखवायचा. वेताळ बोलला की आवाज जाड, खलाशी बोलला की नाकात. सगळ्यांत आवडता अंक तो, ज्यात वेताळाला चोर एका खोल खड्ड्यात टाकतात. शेवट असा, की वेताळ खड्ड्याच्या तळाशी खणतो, तिथे पाणी लागतं, त्या पाण्यातून पोहत पोहत तो एका विहिरीत निघतो आणि रहाटाचा दोर धरून वर येतो. वर एक म्हातारी पाणी काढत असते. ती त्याला विचारते, "कोण रे तू?" आणि तो म्हणतो, "आजी, जरा पाणी दे." मी त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या विहिरीत डोकावत असे.

पुढे एका पावसाळ्यात ट्रंकेत पाणी शिरलं. आईने सगळे अंक चुलीपुढे सुकायला मांडले, आणि छान सुकल्यावर चुलीत घातले. तिचं म्हणणं, ओले असताना ते पेटत नव्हते. ती ट्रंक परत भरायची म्हणून हा सगळा खटाटोप. माझ्या हाती लागलेली पुनर्मुद्रणं सारी इंग्रजी नाहीतर हिंदी. तेव्हा दादाच्या तोंडचं मराठी त्यांत नाही, पण चित्रं तीच.

गेल्या दिवाळीच्या आधी तो खड्ड्याचा अंक मिळाला. मी रात्री जेवण झाल्यावर एकटाच बसून वाचला. शेवटचं पान उलटलं. वेताळ खड्ड्यातून एक उडी मारतो, चार जणांना चार ठोसे लावतो, त्यांच्या गालांवर कवटीचे ठसे उमटतात, संपलं. विहीर नाही. रहाट नाही. म्हातारी नाही. मला वाटलं, छापणाऱ्यांनी पान गाळलं. पानांचे नंबर मोजले. हिशेब बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. अंक घेऊन गासला गेलो. दादा वाडीत पाणी सोडत होता. त्याने हात पुसून चष्मा लावला, शेवटचं पान बघितलं आणि म्हणाला, "अच्छा, असं होतं होय!"

"म्हणजे? तू वाचलं नव्हतंस?"

"शेवटचं पान होतं कुठे? ते अंक रद्दीतले रे. पुढचं पान नाहीतर मागचं पान फाटलेलं असलं, की तो चार आण्यात द्यायचा. सबंध अंक घ्यायला पैसे कोणाकडे होते?"

मी जरा वेळ गप्प बसलो. मग विचारलं, "आणि बाकीचे?"

"दोन-तीन असतील धड. तुला काय वाचता येत होतं! तू झोपत नसायचास शेवट कळल्याशिवाय."

बँकेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाने मनात बेरीज केली. मी जे अंक जमवतो आहे, त्यांचे शेवट मी कधी ऐकलेच नव्हते. आणि जे शेवट ऐकले होते, ते कुठेच छापलेले नाहीत; न अमेरिकेत, न ऑस्ट्रेलियात. ती आवृत्ती गास गावी निघाली, एकाच प्रतीची, आणि ती प्रत या घटकेला माझ्यासमोर पाटाचं पाणी केळीकडे वळवत होती. त्या प्रतीचे केस पिकले होते आणि गुडघे दुखत होते.

दुपारी जेवणं झाल्यावर माझी धाकटी ते पुस्तक घेऊन दादाकडे गेली. "मोठेबाबा, वाचून दाखवा." तिला वाचता येतं, इंग्रजी तर माझ्यापेक्षा बरं येतं. पण दादाने चष्मा लावला, आवाज जाड केला आणि इंग्रजी चित्रांवरून सरळ मराठीत सुरुवात केली. शेवटचं पान आलं. चार ठोसे स्वच्छ दिसत होते. दादा क्षणभर थांबला, पानावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "मग वेताळाने खाली खणायला सुरुवात केली..."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी बँकेतली नजर तिच्यावर रोखली, नियमात बसत नसलं तरी पास करून टाकायची असते ती. ती गप्प बसली, आणि रहाटाचा दोर वर येईपर्यंत तशीच बसून राहिली.

येताना ती पुस्तक तिथेच विसरली. सौभाग्यवती गाडीत म्हणाल्या, "शंभराची नोट टाकून आलात." मी म्हटलं, "असू दे. ती आवृत्ती चुकीची होती."