वहीत नसलेली गाठ

आजचं बोलणं एका मांडीवरच्या गाठीपासून सुरू करायचं आहे.

आमच्या ओळखीच्या एका बचत गटातल्या ताई. पुण्याच्या पश्चिमेला, डोंगरात त्यांचं गाव. भात लावणीच्या दिवसांत मांडीला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. लिंबाएवढी झाली तेव्हा जवळच्या गावातल्या डॉक्टरांनी चरबीची गाठ म्हणून ती कापून काढली. काढलेला तुकडा तपासायला पाठवला नाही, टाकून दिला. आठ महिन्यांत गाठ त्याच जागी परत आली. मग पुण्यातलं मोठं हॉस्पिटल, जाड सुईने तुकडा काढून तपासणी, आणि कागदावर नाव आलं: सार्कोमा.

ताईंनी आम्हाला विचारलं, "हे आणखी कुणाला होतं का गं? का मलाच?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही थेट इतिहासात गेलो. कारण किती जणींना होतं हे सांगायला कुणीतरी मोजलेलं असावं लागतं.

आधी सार्कोमा म्हणजे काय ते बघू. स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या, म्हणजे हाडाभोवतीचा आपला सगळा मऊ भाग, त्यात उठणारा हा कर्करोग. त्याचे पन्नासहून जास्त प्रकार आहेत, आणि लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कुणालाही तो होऊ शकतो. पण आहे दुर्मीळ. आपल्याकडे लाख माणसांमागे वर्षाला साधारण एक, असा ढोबळ हिशेब धरा. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात पन्नास वर्षांत एखादा! गावातल्या डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात एकही पाहिला नसेल. उलट साध्या चरबीच्या गाठी त्यांनी शेकड्यांनी पाहिलेल्या असतात. चूक होते ती इथे. पण हाच हिशेब पुणे शहराला लावा. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत 31 लाख माणसं होती, म्हणजे वर्षाला तीसेक रुग्ण. आणि सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रात हजाराच्या वर. गावात जे नवल वाटतं, त्याची राज्यात दरवर्षी भली मोठी रांग असते. फक्त रांगेतल्या माणसांना एकमेकांची खबर नसते.

एके काळी तर कर्करोग हा श्रीमंत देशांचा आजार, आपल्याकडे तो कमीच, असा समज होता. आपली माणसं ताप, पटकी, क्षय अशा आजारांनी आधीच जात, आणि गाठीचा तुकडा तपासणारं फारसं कुणी नव्हतं. 1941 साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. डोळ्याला दिसते ती नुसती गाठ, ती कसली हे सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा सांगतो, ही शिस्त तिथे रुजली.

त्यांच्या हाताखाली पुण्याची एक मुलगी तयार झाली, तिचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे. जन्म 1917 चा. हुजूरपागेत शिकल्या, फर्ग्युसनमध्ये शिकल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या आणि त्यांचं वागणं बघायचं, अशी देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभारली. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचं काम करत होत्या. प्रयोगशाळेतून थेट पाड्यावर! आम्हाला त्यांचं हे जास्त आवडतं.

मोजणीला मात्र 1963 उजाडलं. डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. सगळ्या शहराच्या लोकसंख्येवर बेतलेली ही देशातली पहिली नोंदणी. सत्तरच्या दशकात तशीच पुण्यात सुरू झाली. नोंदणीची माणसं एका हॉस्पिटलावर थांबत नाहीत. हॉस्पिटलं, तपासणीच्या लॅब, महापालिकेचं मृत्यूंचं दप्तर, सगळीकडे जातात आणि एकच रुग्ण दोनदा लिहिला गेला नाही ना तेही बघतात.

त्यांचा एक नियम आहे: रुग्ण त्या हद्दीत निदान वर्षभर राहणारा हवा. ऐकून आम्हाला राग आला होता. मग गटाची वही आठवली. आपल्या वहीत वीस सभासद असताना बाहेरच्या दोघींचे हप्ते लिहिले, तर जुळेल का हिशेब? तसंच हे. पण मग डोंगरातून पुण्यात उपचाराला आलेली बाई शहराच्या वहीत बसत नाही, आणि तिच्या गावाकडे वहीच नसेल, तर ती कुठेच नाही.

गावाकडची वही निघाली ती बार्शीला, 1987 साली. डॉ. नेने यांच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलातून. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं. देशातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. इथे दवाखान्यांचं दप्तर पाहून भागणार नव्हतं, कारण माणसं दवाखान्यात पोचतच नव्हती. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, बैठका घेतल्या, खुणा समजावल्या, आणि ज्यांना शंका होती त्यांना तपासणीला आणलं. मोजता मोजता उपचारही सुरू झाले.

खुणा आम्हीही सांगतो. गाठ वाढते आहे, लिंबाएवढी किंवा मोठी झाली आहे, कातडीखाली खोल आहे, किंवा काढल्यावर परत आली आहे, तर दुखत नसली तरी मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. अशा गाठीचा तुकडा आधी तपासायचा, मग ऑपरेशन. आणि काढलेली गाठ लॅबला गेली का, हे विचारायला लाजू नका. रिपोर्टचा कागद घरी ठेवा.

ताईंचं दुसरं ऑपरेशन मोठं झालं, पण पाय वाचला. शेक देण्याचं, म्हणजे रेडिएशनचं कामही पुरं झालं. भाच्याने सोयीसाठी केसपेपरवर स्वतःचा कोथरूडचा पत्ता दिला होता. गेल्या महिन्यात फेरतपासणीला गेल्यावर ताईंनी खिडकीवरच्या बाईंना तो खोडायला लावला आणि आपल्या गावाचं नाव सांगितलं. त्यांना ते ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं.