लोणारचा खार आणि पोत्यातलं नत्र

उन्हाळ्यात लोणार सरोवराचं पाणी मागं हटतं आणि काठावर पांढरा खार उरतो. त्यातल्या एका खनिजाला भूगर्भशास्त्रात 'ट्रोना' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द पाच अक्षरांचा, लोणारही पाचाचंच, आणि त्यांतली चार अक्षरं दोन्हीकडे सारखी. एकीकडे एल, दुसरीकडे टी, एवढाच फरक. हे लक्षात आलं की दोघांची सोयरीक जुळवण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. लोणारचं मूळ लवणात आहे. विष्णूनं लवणासुर मारला म्हणून लोणार, ही एक कथा. 'लवणाकर' म्हणजे मिठाच्या खाणीचं लोणार झालं, हा दुसरा पक्ष. मी दुसऱ्या पक्षाचा. गावाला नाव खारानंच दिलं असणार, राक्षस मागाहून आला.

ट्रोनाचं खरं कूळ इजिप्तमधलं. तिथं ममी सुकवायला जो खार वापरत, त्याच्या नावात न-त-र ही व्यंजनं होती; चित्रलिपीत स्वर लिहीतच नसत. हिब्रूत त्याचं 'नेतेर' झालं, ग्रीकांकडे 'नित्रॉन', अरबांकडे 'नत्रून'. कैरोजवळच्या 'वादी अल् नत्रून'मध्ये तो आजही ऐकू येतो. अरबी शब्दाचा पुढचा 'न' गळाला आणि 18व्या शतकात स्वीडिश लोकांच्या हातून तो 'ट्रोना' म्हणून युरोपच्या खनिजशास्त्रात शिरला. 'नेट्रॉन'मधला एक एन काढा, उरलेली अक्षरं फिरवा, ट्रोना तयार! इथं मात्र अक्षरांचं साम्य योगायोगाचं नाही, रक्ताचं आहे.

घोटाळा झाला तो 'नायटर'मुळे. ग्रीकांचा नित्रॉन म्हणजे धुण्याचा सोडा. मध्ययुगात तेच नाव सोऱ्याला, म्हणजे तोफेच्या दारूत घालायच्या क्षाराला चिकटलं. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये यिर्मयाच्या पुस्तकात नायटरनं अंग धुण्याचा उल्लेख आहे. सोऱ्यानं कोण अंग धुईल? तिथं सोडाच अभिप्रेत आहे.

आता गंमत बघा. 'ऐन-इ-अकबरी'त मेहकर सरकारच्या, म्हणजे मुघल काळातल्या त्या विभागाच्या, वर्णनात लोणार येतं. काच आणि साबण यांना लागणारं सगळं इथल्या डोंगरांत मिळतं, असं अबुल फजल सांगतो. आणि इंग्रजी भाषांतरात लगेच पुढं सोऱ्याचे कारखाने येतात, त्यांच्यावरचा करही येतो. पण काच आणि साबण सोड्याचे होतात, सोऱ्याचे नव्हे. लोणारचा माल म्हणजे दल्ला, पापडी, भुस्की असा पूर्वी प्रतवारीनं विकला जाणारा सोडा. तेव्हा बायबलमधली गल्लत वऱ्हाडातही झाली, असं मी बेधडक म्हणतो. जवळपास वेगळा सोरा निघत असेल, असं कुणी म्हणेल. म्हणो, त्याच वाक्यांच्या शेजारी साबण उभा आहे, तो माझ्या बाजूचा साक्षीदार.

एकाच नावाचे दोन क्षार झाल्यावर रसायनशास्त्रात त्याची दोन घरं झाली. शाप्तालनं 1790मध्ये हवेतल्या वायूला सोऱ्यावरून 'नायट्रोजन' नाव दिलं. डेव्हीनं 1807मध्ये कॉस्टिक सोड्यातून धातू वेगळा केला. त्यानं त्याला सोडियम म्हटलं तरी बर्झेलियसनं 'नॅट्रियम'वरून त्याला 'एन-ए' ही खूण दिली. म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यातली एन आणि एन-ए ही सख्खी भावंडं.

आणि आपलं 'नत्र'? चिखली-मेहकरकडे माती परीक्षणाचा कागद घेऊन बसलेला शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द घरच्यासारखे वापरतो. स्फुरद सरळ आहे: स्फुरणारा, चमकणारा. पालाशात पोटॅशचा आवाज आहे आणि पळसाच्या राखेचा आयुर्वेदातला क्षारही. ज्यानं तो निवडला त्याला दोन्ही ऐकू आले असावेत. नत्र संस्कृत आहे असं मानणारे भेटतात. पण संस्कृतात 'नत' म्हणजे वाकलेला. वायूला वाकवून काय करणार? माझ्या मते हा 'नायटर'चाच ध्वनी, देशी पोशाखातला. बंगालीनं उलट वाट धरली आणि नायट्रोजनला 'यवक्षारजान' केलं. अर्थ धरायला गेले नि पुन्हा खारांतच अडकले, कारण यवक्षार म्हणजे जवाच्या राखेचा खार, त्यात पोटॅश. मराठीनं अर्थाच्या भानगडीत न पडता नुसती व्यंजनं उचलली, न-त-र, जी इजिप्तच्या लेखनिकांनी लिहिली होती. हाच मार्ग शहाणपणाचा ठरला.

युरियाच्या पोत्यावर 46 टक्के असा आकडा छापलेला असतो, तो याच नत्राचा.