वील्ड

वील्ड : सत्ता, शस्त्र किंवा साधन हाती धरून ते समर्थपणे वापरणे, या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. मराठीत त्याला एकच प्रतिशब्द नाही. शस्त्र आणि लेखणी चालवितात, अधिकार मात्र गाजवितात.

प्राचीन इंग्रजीत ‘वेआल्डन’ (राज्य करणे, ताब्यात ठेवणे) व ‘विएल्डन’ (वश करणे) अशी दोन जवळची क्रियापदे होती. त्यांच्या मिश्रणातून आजचे रूप आले. ‘वेआल्डन’चा विषय बहुधा देश, लोक वा संपत्ती हा असे. त्यापासून साधलेले ‘वेआल्डेंड’ (सत्ताधीश) हे नाम ख्रिस्ती काव्यात परमेश्वरासाठी रूढ होते. पुढे १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर राज्यकारभारासाठी फ्रेंच शब्द प्रचारात आले आणि या क्रियापदाकडे मुख्यतः हातात पेलण्याचा अर्थ उरला. ‘अनवील्डी’ हे विशेषण चौदाव्या शतकात दुर्बल माणसाला लावीत. अवजड वस्तूला ते नंतर लागू झाले. आज सत्ता ‘वील्ड’ केली जाते तेव्हा तीही जणू हातातले अवजारच असते.

या शब्दाचे मूळ बलवान असणे या अर्थाच्या इंडो-यूरोपीय धातूत आहे. लॅटिन ‘वालेरे’ व वेल्श ‘ग्व्लाद’ (देश) हे त्याच कुळातले. रशियन ‘व्लास्त’ (सत्ता) हा शब्दही त्यांचाच संबंधी. तथापि तो स्लाव्हिकांनी जर्मानिकांकडून उसना घेतला की काय, याविषयी मतभेद आहेत. हॅरल्ड या नावाचा मूळ अर्थ सेनेचा सत्ताधीश असा असून वॉल्टरमध्ये तीच दोन पदे उलट क्रमाने येतात. इ. स. १६ मधील मोहिमेच्या वर्णनात टॅसिटसने उल्लेखिलेला बाटाव्ही नायक कॅरिओवाल्डा हा हॅरल्डचाच पूर्वज-नामधारी होय.

इतिहासकारांना या धातूने अधिक गुंतविले ते ‘ब्रेटवाल्डा’ या पदवीमुळे. बीडने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात हंबर नदीच्या दक्षिणेकडील राज्यांवर वर्चस्व असलेल्या सात राजांची यादी दिली आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’मध्ये, ८२९ च्या घटनांच्या संदर्भात, त्या यादीत वेसेक्सचा एग्बर्ट आठवा म्हणून घातला असून त्याला ब्रेटवाल्डा म्हटले आहे. मर्सियाचे एथेलबाल्ड व ऑफा हे प्रबळ राजे मात्र यादीत नाहीत. ही अनुपस्थिती बोलकी आहे. संकलन वेसेक्समध्ये झाले आणि मर्सिया हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी. शिवाय हस्तलिखितांत पाठभेद आहेत. एका पाठाचा अर्थ ‘ब्रिटनचा सत्ताधीश’ असा होतो, तर इतरांतील ‘ब्रिटेनवाल्डा’सारख्या रूपांचा ‘विस्तृत प्रदेशाचा सत्ताधीश’ असाही लागतो. एकोणिसाव्या शतकातील अनेक लेखकांनी त्यावरून सर्व इंग्रजांवरील एक रीतसर अधिपद उभे केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधकांनी बहुतांशी ते नाकारले. एका वृत्तांतातील स्तुतिपर शब्दावर एवढी मोठी राज्यसंस्था तोलून धरता येत नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त वाटतो.

जर्मनमध्ये याच धातूपासून ‘फेरवाल्टुंग’ (प्रशासन) आणि ‘गेवाल्ट’ हे शब्द झाले. ‘गेवाल्ट’चा अर्थ अधिकार असा आहे आणि हिंसा असाही. राज्याची सत्ता जनतेपासून निघते असे सांगणाऱ्या १९१९ च्या वायमार संविधानातील आणि १९४९ च्या मूलभूत कायद्यातील कलमांत तोच शब्द योजलेला आहे.