नेत्रभिंग

नेत्रभिंग : डोळ्यातील परितारिकेच्या मागे व काचाभ द्रवाच्या पुढे असलेले, दोन्ही बाजूंनी फुगीर असे पारदर्शक भिंग. प्रौढ माणसात त्याचा व्यास ९ ते १० मिमी. व जाडी सुमारे ४ मिमी. असते. डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीतील दोन तृतीयांश वाटा पुढच्या स्वच्छमंडलाचा असतो आणि उरलेला भिंगाचा. स्वच्छमंडलाची शक्ती कायम राहते. भिंगाची मात्र गरजेप्रमाणे बदलते.

रचना : भिंगाला लवचिक वेष्टन असते. त्याच्या पुढील भागाखाली पेशींचा एक थर असतो. कडेच्या पेशी लांबट होऊन तंतू बनतात आणि जुन्या तंतूंवर थर चढवत जातात. तंतू तयार होताना पेशीतील केंद्रक व इतर अंगके नाहीशी होतात आणि दाटीने रचलेली क्रिस्टॅलिन प्रथिने उरतात. भिंगात रक्तवाहिन्या नसतात. पोषण नेत्रजलातून मिळते. त्यामुळे प्रकाशाच्या वाटेत अडथळा येत नाही. मात्र जुने तंतू कधीच टाकले जात नाहीत आणि केंद्रकाअभावी गाभ्यातील प्रथिने नव्याने बनत नाहीत. गर्भावस्थेत तयार झालेला गाभा माणसाला मरेपर्यंत पुरतो. भिंगाची पारदर्शकता आणि त्याचे वार्धक्य ही दोन्ही याच रचनेची फळे होत. गाभा असा आयुष्यभर तोच राहत असल्याने ग्रीनलंड शार्कचे दीर्घायुष्यही २०१६ साली भिंगाच्या गाभ्यातील किरणोत्सारी कार्बनावरूनच मोजले गेले.

कार्य : भिंग बारीक तंतूंनी रोमक स्नायूच्या वलयाला टांगलेले असते. दूर पाहताना स्नायू सैल असतो, तंतू ताणलेले असतात व भिंग चपटे राहते. जवळचे पाहताना स्नायू आकुंचन पावतो, वलय लहान होते, तंतू सैलावतात आणि भिंग फुगते. यास समायोजन म्हणतात. हा बदल भिंगातच होतो, हे टॉमस यंग यांनी १८०१ मध्ये दाखवले. त्याची यंत्रणा हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये मांडली.

वयोमान : लहान मुलाला १० सेंमी.पेक्षा जवळचे अक्षरही स्पष्ट दिसते. पुढे भिंग कडक होत जाते. स्नायू आकुंचन पावून तंतू सैलावले तरी ते पुरेसे फुगत नाही. चाळिशीनंतर वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागते, सुईत दोरा ओवताना अडखळायला होते. हीच चाळिशी. वाचनाच्या चष्म्याने ही अडचण दूर होते. गाभा पिवळट होऊ लागला की निळा प्रकाश कमी पोहोचतो. गाभा अधिक दाट झाल्यास डोळ्याचा ऋण क्रमांक वाढतो आणि काही वृद्धांना चष्म्याविना वाचता येऊ लागते. ही सुधारणा नसून बहुधा मोतीबिंदूची सुरुवात असते.

मोतीबिंदू : प्रथिनांचे पुंजके होऊन प्रकाश विखुरला की भिंग गढूळ होते. मधुमेह, धूम्रपान, स्टेरॉइडांचा दीर्घ वापर, अतिनील किरण व इजा यांमुळे ते लवकर घडते. यावर शस्त्रक्रिया हाच उपाय. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवरील शस्त्रकर्माचे वर्णन आहे. झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये भिंग डोळ्याबाहेर काढले. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये श्राव्यातीत तरंगांनी भिंग फोडून ओढून घेण्याची पद्धत आणली. आता २ ते ३ मिमी. छेदातून गाभा काढून मूळ वेष्टनातच घडीचे भिंग उलगडतात. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याची गरज उरलेली नाही. नजर स्वच्छ होते. पण नेहमीचे कृत्रिम भिंग आकार बदलत नसल्याने वाचनासाठी चष्मा बहुधा लागतोच.